रावसाचे डोके

लहू आफ्रिकेच्या किनाऱ्यावरल्या जंगबाराहून महिनाभरासाठी घरी येतो आहे अशी खबर लालबागेत आली, तेव्हा त्याच्या येण्यात सर्वांत मोठा फायदा होता तो त्याच्या थोरल्या भावाचा, कुशाबाचा. गावाकडे, मालवणच्या अलीकडे, दोघा भावांच्या बापाने लावलेले माड होते आणि लहू परदेशी गेल्यापासूनचे त्यांचे नारळ एकट्या कुशाबाच्या घशात गेले होते. लहूने चार माणसांत एकदा "दादा, माड तूच बघ" एवढे म्हटले की कुशाबाला रात्री कूस न बदलता झोप लागणार होती. शिवाय त्याच्या मुलीचे, शांताचे, गिरगावात जमत आले होते. मुलाचा बाप छापखान्यात खिळे जुळवणारा. त्यामुळे तो माणसेही एकेक करून उजेडात धरून पाहत असे. मुलीचा चुलता आगबोटीच्या कारखान्यात फिटर आहे हे त्याला आवडले होते.

कुशाबाची बायको अंबिका, तिचाही फायदा ठरलेला. जंगबारात लवंगा रस्त्यावर वाळत पडलेल्या असतात आणि सोने त्याहून जरासेच कमी, अशी तिची खात्री होती.

लहूच्या बायकोचा, तुळसाचा, फायदा कोणी धरला नाही. तिला नवरा मिळणार होता खरा, पण तो मुळात तिचाच. आपलीच वस्तू सहा वर्षांनी परत आली तर त्याला कोणी कमाई म्हणत नाही.

राहिला लहू. त्याला स्वतःला येण्यात काय मिळणार, हे मात्र चाळीत कोणालाच सांगता येईना. आईच्या मरणाला तो आला नव्हता, भावाच्या दुखण्याला आला नव्हता, आणि आता काही निमित्त नसताना येत होता. ज्या माणसाचा फायदा दिसत नाही त्याच्यावर चाळ जितकी बारीक नजर ठेवते तितकी ती चोरावरही ठेवत नाही.

सन १८९५ च्या कार्तिकात तो गोदीवरून खटाऱ्यात बसून आला. पायात बूट, अंगात कोट, कोटावर रुप्याची जाड साखळी आणि डोक्यावर गोंडा लावलेली तांबडी तुर्की टोपी. साखळी पाहून चाळ खूश झाली आणि टोपी पाहून गप्प.

"पगडी खंय रे?" कुशाबाने भेटायच्या आधी विचारले.

"वाऱ्यान न्हेली, दादा. एडन सोडलं नि गेली समुद्रात. बोटीवर एका बोहऱ्याकडे हीच मिळाली."

"पगडीच गेली मा? त्येच्या खालचं काय गेलं नाय मा?"

लहू हसला. कुशाबा हसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःच्या खर्चाने न्हावी बोलावला. कुशाबाने भावासाठी स्वतःच्या खर्चाने काही बोलावल्याचे चाळीत पहिल्यांदाच घडत होते, तेव्हा ते हजामतीसाठी नाही हे सर्वांना कळले. न्हाव्याने हजामत उरकली, वस्तरा पुसला आणि बाहेर व्हरांड्यात येऊन कोणी न विचारता सांगितले, "आहे हो! चांगली गाईच्या खुराएवढी आहे." शेंडी शाबूत होती. माणूस बाटला नव्हता. निदान डोक्यापासून सुरुवात केली तर नव्हता.

पण संशयाला एकदा पाट मांडून दिला की तो जेवल्याशिवाय उठत नाही. त्याच दुपारी शेजारच्या खोलीतले रांगते पोर उंबऱ्यावर आपटले आणि भोकाड पसरून रडू लागले. त्याची आई नळावर गेली होती. लहू उठला, पोराला उचलून त्याने कमरेवर बसवले, धोतराच्या सोग्याने त्याचे नाक पुसले आणि हळूहळू डुलत म्हणू लागला, "पोले, पोले."

"अगो बाई!" अंबिका म्हणाली. "भावजींका पोळी व्हयी! आमच्याकडे पोळी शिमग्याला, भावजी. आज भाकरीच."

व्हरांडा हसला. लहू जरा शरमला. "तिकडचा शब्द तो, वयनी. लागलं काय रे बाळा, असं म्हणूचं झालं तर म्हणतात."

पोर गप्प झाले होते. तुळसा चुलीपाशी होती, तिथून तिने पाहिले. ती हसली नाही. पोराला डाव्या कमरेवर घ्यायचे, हात त्याच्या गुडघ्यांमागून घालायचा आणि उजवा हात कामाला मोकळा ठेवायचा, हे बायकांना आपोआप येते; पुरुषाला ते कोणीतरी शिकवावे लागते, किंवा गरज शिकवते. लहू सहा वर्षांपूर्वी गेला तेव्हा त्याला मूल नव्हते, आणि परक्या पोराला तो दोन हातांत धोंडा धरावा तसा धरीत असे. तुळसाने भाकरी उलटली आणि ही गोष्ट मनाशी ठेवली.

तिसऱ्या दिवशी लहूने जाहीर केले की जाताना तो तुळसाला घेऊन जाणार.

आता खरी खळबळ उडाली. तुळसा गिरणीच्या रीळखात्यात जाई. पगार कुशाबाच्या हातात देई. येता-जाता घरातले पाणी तिच्या डोक्यावर, चूल तिच्या पदरात. ती गेली तर यातले काय काय आपल्या गळ्यात पडते याचा विचार अंबिकेने त्या रात्री अंथरुणावर केला आणि सकाळी तिचा चेहरा काळजीने भरून आला. काळजी तुळसाची.

"सहा वर्षं आठवण नाय झाली, ती आता कशी झाली गो?" ती नळावर म्हणाली. "तिकडे माणसांचा बाजार भरता म्हणे."

"आता बंद झाला म्हणतात," कोणीतरी म्हणाले.

"बाजार बंद होतत. गिऱ्हाइकं खंय जातत?"

संध्याकाळपर्यंत गिरणीच्या दारात बायका तुळसाला कोपऱ्यात घेऊन सांगू लागल्या की सुलतानाच्या वाड्यात गोरी बाई चांगल्या भावाने जाते. तुळसा काळीसावळी होती. पण एवढ्या आपुलकीने कोणी घाबरवत असताना रंगाचा मुद्दा कोण काढणार? तिने ऐकून घेतले. तिला बाजाराची भीती वाटत नव्हती. तिला एवढेच कळून घ्यायचे होते की सहा वर्षे जो माणूस तिच्याशिवाय जेवला, त्याला आता तिची गरज का पडली. ते कळल्याशिवाय आगबोटीवर पाय ठेवायचा तर तो डोळे बांधून ठेवण्यासारखा होता. आणि इथे राहायचे तर अंबिकेचे पाणी मरेपर्यंत होते.

तेवढ्यात गिरगावाहून निरोप आला. मुलाच्या बापाने फार नम्रपणे विचारले होते की मुलीचा चुलता समुद्रापलीकडे राहिला, कोणाच्या हातचे खाल्ले न खाल्ले, तर आपल्या जातीच्या पंचांचे त्यावर काय म्हणणे आहे. नम्रपणा एवढा होता की कुशाबाला घाम फुटला. त्याने पंचांना जेवायला बोलावले.

शिवडीच्या कोळीवाड्यातली जाईबाई रोज पाटी घेऊन लालबागेत येई. तुळसाने तिच्याकडून रावस घेतला. जाईबाईने तुकडे करून दिले आणि डोके वर ठेवले.

"डोकं नको, मावशी. एवढं नाय परवडूचं."

"पैशे मागितले का मी? नवरा आलाय ना गो तुजा? ने! डोक्याबिगर कालवण म्हंजे देवाबिगर देऊळ."

पंच तिघे आले. त्यांतले दोघे मान हलवायला होते. बोलायचे काम गुणाजीकडे. गुणाजी परळचा, पोट मोठे आणि न्याय त्याहून मोठा. माशाचा वास येईपर्यंत तो फार कडक असे.

"लहू," तो म्हणाला, "सरळ विचारतंय. थंय जेवण कोण करता?"

"मीच करतंय, काका. चूल माझी, भांडी माझी."

"घरात आणखी कोण?"

"कोण नाय. एकटोच."

"सहा वर्षं?"

"सहा वर्षं."

आतल्या दारामागे तुळसा आणि अंबिका उभ्या होत्या. अंबिकेने सुटकेचा श्वास टाकला. तिच्या डोळ्यांसमोर गिरगाव पुन्हा दिसू लागले.

ताटे मांडली. गुणाजीने पहिला घास घेतला आणि त्याच्या चेहऱ्यावरचा न्याय मऊ झाला. तुळसाने लहूच्या ताटात भात, कालवण, एक मधला तुकडा आणि डोके वाढले. पंच जेवले, ढेकर दिले, पान खाल्ले. लहू निर्दोष ठरला. गुणाजी म्हणाला की स्वतः रांधून खाणारा माणूस विलायतेत राहिला तरी शुद्ध, आणि रावस आणखी आहे काय.

पुरुष उठल्यावर बायका बसल्या. रीतीप्रमाणे तुळसा लहूच्या ताटावर बसली. नवऱ्याच्या ताटात बायकोने जेवायचे आणि नवऱ्याने तिच्यासाठी काही चांगले मागे ठेवायचे, ही त्यांच्याकडची जुनी पद्धत. बायकोवर बोलून प्रेम करायची सोय नव्हती, म्हणून जे बोलायचे ते नवरे ताटातून बोलत.

ताटात मूठभर भात नीट गोळा करून कडेला लावला होता आणि त्यावर टेकून ठेवले होते रावसाचे डोके. अख्खे. लहूने त्याला बोट लावले नव्हते. मधला तुकडा मात्र साफ झाला होता.

"अगो!" अंबिका म्हणाली. "भावजींनी डोकं ठेवल्यानी तुका! मोठा मान केल्यानी."

तुळसाने हात ताटाजवळ नेला आणि मागे घेतला.

लग्नानंतर पहिल्या महिन्यात लहूने असेच डोके ठेवले होते. माशाचा पांढरा डोळा आपल्याकडे बघतो आहे असे पाहून ती ताटावरून उठून पळाली होती. लहू पोट धरून हसला होता. त्यानंतर परदेशी जाईपर्यंत एक दिवसही त्याने तिच्यासाठी डोके ठेवले नाही. डोके तो स्वतः खाई, त्याला ते फार आवडे, आणि मधला तुकडा तिच्यासाठी राही. सहा वर्षांत माणूस बायकोची आवड विसरू शकतो. पण स्वतःची?

"माका नाय जमूचं," ती म्हणाली. "तुमी खावा, वयनी."

अंबिकेने दुसऱ्यांदा सांगायला लावले नाही. तिने ते डोके गालफडापासून मेंदूपर्यंत चोखून खाल्ले आणि लहू कसा मोठ्या मनाचा आहे हे खाता खाता तीनदा सांगितले.

दुसऱ्या दिवशी गिरणी सुटल्यावर तुळसा जाईबाईच्या पाटीसमोर बसली. काही घेईना, उठेना.

"काय गो? माशात काय वंगाळ निघालं?"

"मावशी, एकटा जेवणारा माणूस ताटात काय ठेवता?"

"काटं," जाईबाई म्हणाली. "आणि काय ठेवंल? माजा नवरा मेल्यापासून मी एकटीच जेवतंय. मांजर माज्या दारात बसत नाय."

"आणि डोकं ठेवलं तर?"

जाईबाईने कोयता खाली ठेवला. तिने तुळसाकडे नीट पाहिले. मग पाटीतून बांगडे काढून केळीच्या पानात बांधले.

"डोकं कुनी विसरून ठेवत नाय, पोरी. डोकं कुनासाठी तरी ठेवतात. आज हे ने. अख्खे तळ. नि बघ."

तुळसाने बांगडे अख्खे तळले. त्या दिवशी घरात फक्त घरचीच माणसे होती. कुशाबाने माडांचा विषय काढला होता; लहू हो-हो म्हणत होता आणि त्याचे लक्ष दुसरीकडे होते. अशा वेळी हात आपल्या सवयीने चालतो. त्याने बांगड्यांची अंगे खाल्ली आणि डोकी मोडून ताटाच्या कडेला एकाशेजारी एक लावली, तोंडे आत करून, जशी कोणी मोजून घेणार आहे. मग ताट जरा ढकलले. ढकलले तेही तुळसा वाढायला बसायची त्या बाजूला नाही. डावीकडे. डावीकडे तिथे भिंत होती.

"माड तूच बघ, दादा," तो म्हणाला.

कुशाबाला दुसरे काही दिसले नाही, ऐकू आले नाही. तो उठून हात धुवायला गेला तेव्हा गुणगुणत होता.

रविवारी गिरणी बंद. तुळसा म्हणाली, प्रभादेवीला नारळ देऊन येऊ. अंबिकेलाही यायचे होते, पण तुळसाने पाणी भरलेच नव्हते, तेव्हा तिला राहावे लागले. देवीला नारळ देऊन दोघे माडांतल्या वाटेने मागे किनाऱ्यावर गेले. ओहोटी होती. लांबवर कोणीतरी जाळे वाळत घालीत होते. तुळसा खडकावर बसली. लहू उभाच राहिला. बुटांत वाळू गेली की तो जरा नाचे.

"तिचं नाव काय?" तुळसाने विचारले.

"कोणाचं?"

"डोकं खाता तिचं."

लहूने समुद्राकडे पाहिले. मग खाली वाकून तो बुटातली वाळू झाडू लागला, आणि एका बुटात माणसाच्या बुटात मावते त्याहून बरीच जास्त वाळू निघेपर्यंत झाडत राहिला.

"तुका कोणी सांगितल्यान? बोटीवरचा कोण भेटलो?"

"तुमीच सांगितलात. पंचांसमोर तोंडानं एक सांगितलात, ताटात दुसरं."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळले तेव्हा तो वाळूतच बसला.

"फातुमा," तो म्हणाला. मग पुढचे एका दमात. "नाय आता ती. आषाढात तापान गेली."

तुळसाने गेले कित्येक दिवस एका जिवंत बाईशी भांडण तयार करून ठेवले होते. शब्द निवडून, धार लावून. ते आता कुठे ठेवावे हे तिला सुचेना. ज्या डोक्यांवरून तिला रात्र रात्र झोप आली नव्हती, ती डोकी हा माणूस एका मेलेल्या बाईसाठी ठेवीत होता आणि ठेवतो आहे हे त्याचे त्यालाही ठाऊक नव्हते.

"आणि पोर?" तिने विचारले.

"पोराचं पण ताटात दिसलं?"

"कमरेवर दिसलं."

"चेडू आसा," लहू म्हणाला. चेडू म्हणजे मुलगी. "तीन वर्षांची. घरात काशी म्हणतंय."

काशी, म्हणजे काशीबाई. लहू-कुशाबाची आई. तिच्या शेवटच्या दिवसांत तिचे अंथरूण तुळसाने काढले होते. कुशाबाला ते नाव जुनाट वाटत असे.

"शेजारणीकडे ठेवून इलंय. ती म्हणता, चैतापर्यंत सांभाळीन. मग तुझं तू बघ."

"म्हणून मी."

लहूने दुसऱ्या बुटाची नाडी सोडली.

"माका कधी सांगणार होतात?"

"बोटीवर."

"सुटायच्या आधी?"

तो पुन्हा बुटाकडे वळला.

"म्हणजे सुटल्यावर," तुळसा म्हणाली. "बरं केलात. राग इलो तर उडी मारूक समुद्र होताच."

मग तिने मनात हिशेब मांडला. पंचांकडे जाऊन खरे सांगावे, तर लहू वाळीत पडेल, काडीमोड मिळेल, शांताचे गिरगाव मोडेल, आणि ज्या खोलीत आपण झोपतो तिचे दार त्याच रात्री बंद होईल. गप्प बसून इथेच राहावे, तर नळ आहे, चूल आहे, आणि दुसऱ्याच्या ताटातले दुसऱ्याला नको असलेले आहे. जावे, तर एका मेलेल्या बाईची चूल आणि तिची मुलगी. तिन्हींत कुठेच तिला विचारून काही ठरले नव्हते. निदान तिसऱ्यात तिला आधी कळले होते.

"येतंय मी," ती म्हणाली. "पण पाहुणी म्हणून. तुमी इथं इलात तशी. बघीन. पटलं तर ऱ्हवीन, नाय तर परत येईन. परतीच्या भाड्याची सोय आत्ताच करा. ती दादांच्या हातात नको, आणि तुमच्या हातात तर नकोच."

"आणि चेडवाचो राग धरशीत?"

"तिका काय म्हणू? तिनं माका फसवूक नाय."

लहूने कोटाच्या खिशात हात घातला, बाहेर काढला. पैसे येतानाच्या भाड्यात आणि आल्यावरच्या बडेजावात गेले होते. जाताना दोघांचे भाडे भरून हातात काही उरणार नव्हते. तुळसाने त्याच्या छातीकडे बघितले. छातीवर उन्हात साखळी चमकत होती. लहूनेही खाली पाहिले, आणि मग तिच्याकडे पाहिले, आणि मग साखळी सोडवायला घेतली.

जाईबाईने आपल्या झोपडीत ती साखळी तुळसाच्या कमरेला लुगड्याच्या आत बांधून दिली. गाठ कोळ्याची, पाण्यात घट्ट होणारी.

"झोपेत पन सोडू नको," ती म्हणाली. "आनि पोरीला मासं खायला शिकव. काटं काढून दे."

निघायच्या आदल्या दिवशी घरात पुन्हा रावस आला, डोक्यासकट. अंबिका सकाळपासून त्या डोक्यावर नजर ठेवून होती. लहूचे ताट वाढले. तुळसाने आपले ताट काढले, त्यात भात घेतला, एक मधला तुकडा घेतला आणि ती लहूच्या समोर जेवायला बसली.

अंबिकेच्या हातातली पळी तशीच राहिली. "काय गो ही तऱ्हा? नवऱ्याच्या ताटात जेवूची नाय?"

"पाहुणीला वेगळं ताट असता, वयनी."

"कोण पाहुणी?"

तुळसाने घास घेतला. लहू आपल्या ताटातल्या डोक्याकडे बघत होता. हात आपोआप ते उचलून कडेला लावू लागला आणि मध्येच थांबला. मग त्याने ते फोडले आणि खायला सुरुवात केली. हळूहळू, सगळे. शेवटी ताटात काटेच राहिले. अंबिकेचा जीव वर-खाली झाला, पण मागणार कशी?

धक्क्यावर सगळे पोचवायला गेले. बोट सुटली, रुमाल हलले, आणि लालबागेत परत येईपर्यंत कोणाच्या तरी लक्षात आले होते की लहूच्या कोटावर साखळी नव्हती. येताना होती. मधले बहुतेक दिवस कोट खुंटीलाच होता. राहिला होता तो भावाच्या घरी. एवढ्यावर चाळीला आणखी पुराव्याची गरज नव्हती. कुशाबाने माड घेतले हे तर त्याने स्वतःच पेढे वाटून सांगितले होते.

"साखळी पण काढून घेतल्यान मेल्यान," नळावर ठरले. "सख्ख्या भावाची."

कुशाबाने रवळनाथाची शपथ घेतली. रडला. त्याने आयुष्यात शपथा पुष्कळ घेतल्या होत्या. त्यांतली खरी ही एकच, आणि तीच कोणाला पटली नाही. शांताचे लग्न झाले. लग्नात गिरगावच्या व्याह्याला उकडायला लागले तेव्हा कुशाबा पुढे होऊन म्हणाला, कोट द्या, मी सांभाळतो. व्याही म्हणाला, राहू दे. आणि दिवसभर कोटात घाम गाळत बसला.

तेव्हा कोणी काय भरले ते असे. लहूने साखळी दिली. कुशाबाला माड मिळाले आणि त्यांच्याबरोबर चोराचे नाव मिळाले. ते तो न केलेल्या चोरीसाठी फेडतो आहे, केलेल्यांचे कोणी विचारत नाही. अंबिकेला लवंगांची एक पुरचुंडी मिळाली आणि नळावरचे पाणी. तुळसाची सहा वर्षे आधीच भरून झाली होती, म्हणून तिने या वेळी दिले काही नाही, उलट कमरेला बांधून नेले. आणि या सगळ्यांच्या आधी आषाढात जिने भरले, जिच्या जाण्यावाचून लहूला घराची आठवण झालीच नसती, तिचे नाव अख्ख्या लालबागेत एकट्या तुळसाला ठाऊक होते. तीही ते कोणाला न सांगता बोटीवर चढली.